‘प्रकाशक’ या रकान्यात कोण कोण बसते

मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ सगळेच पाहतात, अर्पणपत्रिका हौशी वाचक वाचतात. नामपृष्ठाची मागची बाजू मात्र ग्रंथपालाखेरीज सहसा कोणी उलटत नाही. तिथे बारीक टायपात बरीच माणसे दाटीने बसलेली असतात. प्रकाशक आणि त्याचा पत्ता, मुद्रक आणि त्याचा छापखाना, मुखपृष्ठ कोणाचे, मूल्य किती, सर्व हक्क कोणाचे (बहुधा लेखकाच्या पत्नीचे), आणि तळाशी कुठे ‘एकमेव वितरक’, कुठे ‘मुख्य विक्रेते’. गावच्या वाचनालयातल्या दाखल नोंदवहीत या सगळ्यांसाठी एकच रकाना असतो आणि त्याचे शीर्षक असते ‘प्रकाशक’. पुस्तक हातात घेऊन घाईने नोंद करणाऱ्याला जे नाव ठळक दिसले, ते त्या रकान्यात बसले. अनेक वाचनालयांत पन्नास-साठ वर्षे असेच चालले आणि त्याने कोणाचे अडलेही नाही.

अडायला लागले ते या नोंदी संगणकावर चढू लागल्यावर. ही पुस्तिका त्या एका रकान्याविषयी आहे. विषय एवढासाच, पण त्यासाठी स्वतंत्र पुस्तिका का लागते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पुस्तिका लिहिताना डोळ्यांपुढे होती ती नागऱ्यासारखी गावे. शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा गोंदिया शहराजवळ आहे, आणि मध्य प्रदेशची हद्दही तिथून लांब नाही. या भागातल्या कपाटात मराठीच्या शेजारी हिंदी पुस्तक असतेच. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांबरोबर नागपूरची असतात, आणि भंडारा-गोंदियाच्या एखाद्या शिक्षकाने पदरमोड करून छापलेला कवितासंग्रहही असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि गावातली बहुतेक शेवटच्या दोन वर्गांतली. ग्रंथपाल एकच, मानधन तुटपुंजे, संगणक असला तर शासनाने किंवा कोणा देणगीदाराने दिलेला. अशा ठिकाणी तालिकीकरणाचे इंग्रजी जाडजूड नियम उपयोगाचे नाहीत. पण चुका तिथेही त्याच होतात, आणि एकदा संगणकात गेलेली चूक वहीतल्या चुकीपेक्षा फार लांब पोहोचते.

आधी थोडे मागे जाऊ. प्रकाशक वेगळा आणि मुद्रक वेगळा, हा भेद आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राने आणलेला नाही. तो कायद्याने आणला. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमाने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण छापणे बंधनकारक केले. पुस्तक प्रसिद्ध केलेले असेल तर प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाणही. त्याच कायद्यान्वये प्रांतिक सरकारे दर तिमाहीला पुस्तकांची यादी काढत. त्या यादीत मुद्रणस्थळ आणि प्रकाशनस्थळ, मुद्रक आणि प्रकाशक, पृष्ठे, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, शिळाछाप की खिळ्यांचे, किंमत, आणि स्वामित्वहक्क कोणाचा, एवढे सगळे असायचे. सत्तावन्नच्या उठावाला दहा वर्षे झाली होती; सरकारचा डोळा वाचकांच्या सोयीवर नव्हता, छापणाऱ्यांवर होता. पण पाळतीसाठी आखलेल्या त्या रकान्यांत आजच्या आपल्या बऱ्याच संगणकीय नोंदींपेक्षा अधिक माहिती आहे, हे कबूल करावे लागते. हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला. त्याच्या जागी आलेला नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि त्यातून पुस्तके वगळली गेली. म्हणजे नामपृष्ठाच्या मागे मुद्रकाचे नाव हवेच, हा सरकारी आग्रह आता संपला आहे. पुढच्या काळातल्या पुस्तकांवर ते नाव सापडेलच याची खात्री नाही.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा पुढचा खंड १९६१ साली आणला. जुन्या मराठी पुस्तकाचा प्रकाशक नक्की करायचा असेल तर आजही आधी दाते सूची उघडावी लागते. एका माणसाने चिकाटीने केलेले हे काम पाहिले की ‘प्रकाशक’ रकान्यात ‘माहीत नाही’ लिहिताना हात अडखळतो.

गंमत अशी की आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या थोर आचार्यांनी या रकान्याला मुळी जागाच दिली नव्हती. रंगनाथन यांच्या १९३४ च्या वर्गीकृत तालिका संहितेतल्या मुख्य नोंदीत ग्रंथकार आहे, ग्रंथनाम आहे, बोधांक आहे, दाखल क्रमांक आहे. प्रकाशन तपशील नाही. कार्डावर जागा थोडी, लिहिणाऱ्याचा वेळ थोडा, आणि वाचक प्रकाशकाच्या नावाने पुस्तक मागत नाही, या हिशेबात ते बसते. कार्डांच्या काळात मला हा निर्णय पटला असता. आज पटत नाही, आणि त्याचे कारण पुढे ‘श्यामची आई’पाशी येईल.

आता यंत्राकडे वळू. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा सर्वत्र चालणारा साचा म्हणजे मार्क. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट एव्हरॅम यांच्या पुढाकाराने तो तयार झाला. त्यात प्रकाशनाच्या तपशिलासाठी टॅग होता २६०. त्याच्या ए या सबफील्डमध्ये ठिकाण, बीमध्ये नाव, सीमध्ये वर्ष. वितरकाचे नाव घ्यायचे झाले तर त्याच टॅगमध्ये पुन्हा ए आणि बी लिहून पुढे चौकटी कंसात ‘वितरक’ असे नोंदवायचे. मुद्रकासाठी ई, एफ, जी ही सबफील्डे कोपऱ्यात होती, पण ती सहसा प्रकाशकाचा पत्ताच नसेल तेव्हा वापरली जात. स्वामित्वहक्काचे वर्ष सीमध्येच, आधी छोटा सी लावून. थोडक्यात, दाखल नोंदवहीतला आपला एकच रकाना इथेही होता, फक्त त्यात बारीक कप्पे होते.

२०१० साली आरडीए हे नवे तालिकीकरण नियम आले आणि ३१ मार्च २०१३ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते अमलात आणले. त्यांनी निर्मिती, प्रकाशन, वितरण, उत्पादन आणि स्वामित्वहक्काचे वर्ष ही पाच वेगळी विधाने मानली. त्यासाठी मार्कमध्ये २०११ साली २६४ हा टॅग आला. त्याचा दुसरा दर्शक अंक म्हणजे २६० मधल्या जुन्या नोंदी २६४ मध्ये नेण्याच्या साऱ्या रूपांतराची किल्ली. ० असेल तर अप्रकाशित वस्तूची निर्मिती, १ प्रकाशन, २ वितरण, ३ उत्पादन म्हणजे छपाई-बांधणी, आणि ४ स्वामित्वहक्काचे वर्ष. एकेका कामाला एकेक स्वतंत्र टॅग. १८६७ च्या तिमाही यादीने मुद्रक आणि प्रकाशक वेगळे मांडले होते. यंत्राला तिथे यायला जवळजवळ दीड शतक लागले.

कागदावर रूपांतर सोपे दिसते. टेरी रीज यांचे मार्कएडिट हे मोफत साधन हजारो नोंदींतले २६० उचलून काही मिनिटांत २६४ करून देते. कोहा या ग्रंथालयांच्या संगणकप्रणालीतही टॅग बदलण्याचे साचे लिहिता येतात. पण यंत्राला फक्त चिन्हे दिसतात. ‘वितरक’ असा कंस असेल तर ते दर्शक २ लावील. कंस नसेल तर सगळ्यांना १, म्हणजे सगळेच प्रकाशक. आणि आपल्या नोंदींत तो कंस जवळपास कोणी लिहिलेलाच नाही.

सर्वांत मोठा खड्डा दाखल नोंदवहीच्या उजव्या टोकाला आहे. तिथे बिलाचा क्रमांक, तारीख आणि विक्रेत्याचे किंवा पुरवठादाराचे नाव असते. नोंदी एक्सेलमध्ये उतरवताना हा रकाना ‘डिस्ट्रिब्युटर’ या मथळ्याखाली गेला, की पुढे तो सुखाने २६४ च्या दर्शक २ मध्ये जाऊन बसतो. मग ज्या दुकानातून वाचनालयाने ती प्रत विकत घेतली, ते दुकान जगाच्या दृष्टीने त्या पुस्तकाचे वितरक ठरते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून अनुदानात आलेल्या पुस्तकांचेही तसेच. प्रतिष्ठानाने ती प्रत दिली. ते पुस्तक ना छापले, ना बाजारात फिरवले. वितरक हा पुस्तकाचा असतो, त्याच्या सगळ्या प्रतींवर त्याचे नाव छापलेले असते. पुरवठादार हा प्रतीचा असतो, त्याचे नाव फक्त आपल्या बिलावर असते. कोहात पुरवठादाराची जागा प्रतीच्या नोंदीत, ९५२ या टॅगच्या ई सबफील्डमध्ये आहे आणि किंमत तिथेच जीमध्ये. या एका भेदावर पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे आणि ते कमीच वाटते.

उलट प्रश्न असा येतो की मग वितरक ठेवायचाच कशाला? आरडीएच्या मूळ नियमांत प्रकाशकाचे नाव मिळत असेल तर वितरकाची नोंद आवश्यक नव्हती. प्रकाशक नसेल तर वितरक, वितरकही नसेल तर मुद्रक, अशी उतरती पायरी होती. काम हलके करायचे म्हणून बरेच जण रूपांतरात वितरक गाळून टाकतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. पूर्व विदर्भातल्या पुस्तकांचा इतिहास बराचसा त्या दुसऱ्या ओळीतच आहे. लेखकाने स्वतः काढलेल्या पुस्तकावर प्रकाशक म्हणून घरातल्याच कोणाचे तरी नाव असते. ते पुस्तक कुठल्या पेठेतून, कोणत्या दुकानाच्या आधाराने वाचकापर्यंत गेले, हे फक्त ‘मुख्य विक्रेते’ सांगतात. आपल्याकडे ‘मुख्य विक्रेते’, ‘प्रमुख विक्रेते’, ‘प्राप्तिस्थान’, ‘एकमेव वितरक’ असे चारही प्रकार छापलेले दिसतात, आणि पुस्तकावरच छापलेले असतील तर काम वितरणाचेच आहे. चौघांनाही दर्शक २ द्यावा. ती ओळ गाळली तर उद्या विदर्भातल्या ग्रंथव्यवहारावर कोणी लिहू म्हणेल त्याच्या हाती पुण्या-मुंबईची नावे तेवढी उरतील. छापखान्याचेही तेच. मुद्रक गोंदियाचा किंवा भंडाऱ्याचा असेल तर दर्शक ३ चा टॅग जरूर करावा, नियम काही म्हणोत.

ठिकाणांच्या बाबतीत आमच्या भागाची एक खास अडचण आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या पुस्तकावर ‘मु. नागरा, ता. गोंदिया, जि. भंडारा’ असा पत्ता असेल तर तो चुकीचा नाही. आणखी मागे गेले की गोंधळ वाढतो. १९५० ते १९५६ या काळात नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि भंडारा जिल्हा त्याच राज्यात होता. त्याआधी तो मध्यप्रांत-वऱ्हाड. त्यामुळे जुन्या पुस्तकावर ‘नागपूर, म. प्र.’ असे छापलेले सापडते. उत्साही कार्यकर्ता ते पाहून हसतो आणि ‘महाराष्ट्र’ करून टाकतो. तसे करू नये. आरडीएचे तत्त्व साधे आहे: पुस्तकावर जे दिसते तेच उतरवायचे. आजचे जिल्हे, आजची राज्ये टिपेत द्यावीत. ‘म. प्र.’ ही दोन अक्षरे पुस्तकाचे वय सांगतात, ती पुसून आपण काय मिळवतो?

नावांनाही हाच न्याय. जुन्या नियमांत प्रकाशकाचे नाव ओळखता येईल इतके आखूड करायचे होते. म्हणून कार्डांवर ‘मौज’, ‘पॉप्युलर’, ‘मेहता’ अशी घरगुती नावे आहेत. नवा नियम पूर्ण नाव घ्या म्हणतो, पण पुस्तक समोर नसताना ‘मौज’चे ‘मौज प्रकाशन गृह’ करणे हा अंदाज झाला. तो करू नये. आखूड नाव तसेच २६४ मध्ये न्यावे आणि पुस्तक हाती येईल तेव्हा पूर्ण करावे. दोन ठिकाणे दिसली म्हणजे दोन संस्था, असेही धरून चालू नये. ‘सुविचार प्रकाशन मंडळ, नागपूर–पुणे’ इथे ठिकाणे दोन, प्रकाशक एक, म्हणजे टॅगही एक. आणि दोन संस्थांनी मिळून पुस्तक काढले असेल तर दोघेही दर्शक १ च्या एकाच टॅगमध्ये राहू शकतात. काम वेगळे असेल तरच टॅग वेगळा.

वर्षांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, त्यामुळे सरकारी प्रकाशनांवर शके असतो; जुन्या पुस्तकांवर तो परंपरेनेच असतो. ‘शके १८८५’ असे असेल तर तेच लिहून पुढे चौकटी कंसात १९६३ द्यावे. चैत्रातल्या नववर्षामुळे शकाचा शेवट पुढच्या इसवी सनात जातो, म्हणून महिना छापलेला असेल तर तो पाहून ७८ मिळवायचे की ७९, हे ठरवावे. २६४ मध्ये देवनागरी अंक चालतील, पण ००८ या नियंत्रण टॅगमध्ये वर्ष इंग्रजी अंकांतच हवे, नाहीतर कालक्रमाने लावलेली यादी कोलमडते. जुन्या नोंदीत छोटा सी लावलेले १९८५ असेल तर ते दोनदा येईल: प्रकाशनाचे अनुमानित वर्ष म्हणून कंसात दर्शक १ मध्ये, आणि हक्काचे वर्ष म्हणून दर्शक ४ मध्ये. हक्क ज्यांच्या नावावर आहे त्या बाईंना मात्र प्रकाशक करू नये. हे लिहावे लागते, कारण केले जाते.

आता ‘श्यामची आई’. साने गुरुजींचे निधन १९५० चे; भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०१० अखेर तो संपला. तेव्हापासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो आणि अनेकांनी छापले आहे. एकाच वाचनालयात त्याच्या चार प्रकाशकांच्या चार प्रती असणे काही नवलाचे नाही. संगणकाला ‘जुळ्या नोंदी एकत्र करा’ असा हुकूम दिला आणि प्रकाशकाचा रकाना रिकामा किंवा भलत्याच नावाने भरलेला असला, तर चारांची एक नोंद होते. पाने वेगळी, चित्रे वेगळी, काही ठिकाणी मजकूरही संक्षिप्त, तरी नोंद एक. ‘कोसला’चेही असेच: १९६३ ची पहिली आवृत्ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीची, पुढच्या आवृत्त्या पॉप्युलरच्या. कोणाच्या कपाटात देशमुखांची प्रत असेल आणि सरसकट ‘पॉप्युलर प्रकाशन, मुंबई’ भरून टाकले असेल, तर आपल्याकडे काय आहे ते आपल्यालाच कळणार नाही. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून काढले आणि २०१४ मध्ये दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानाने ते पुनर्मुद्रित केले. दोन्ही संच गावोगाव आहेत, आणि अभ्यासकाला त्यातला नेमका कोणता, हे विचारायचे असते. रंगनाथनांच्या कार्डाला जे परवडले ते आपल्याला परवडत नाही, ते यामुळे.

बाहेरून उतरवून घेतलेल्या नोंदींचा एक वेगळा त्रास आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके गोळा करते. अमेरिकी गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून ही खरेदी सुरू झाली, आणि त्यामुळे मराठी पुस्तके अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसली. त्यांच्या नोंदी काळजीपूर्वक केलेल्या असतात, पण रोमन लिपीत, मात्रा-टिंबांसह. त्या कोहात ओढून घेतल्या की आपल्या यादीत एकच प्रकाशक दोन लिपींत दोन ठिकाणी दिसू लागतो. अशा नोंदीतले विभाजन स्वीकारावे, म्हणजे प्रकाशक कोण आणि वितरक कोण हे त्यांच्याकडून घ्यावे. अक्षरे मात्र पुस्तकावरची, देवनागरीतली लिहावीत.

एक दिलासा. २६० हा टॅग रद्द झालेला नाही. मार्कमध्ये तो आजही वैध आहे आणि जुन्या नोंदी त्यात राहिल्या म्हणून कोणाचे ग्रंथालय बंद पडत नाही. तेव्हा सगळे एका उन्हाळ्यात उरकण्याची घाई नको. आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. मग नोंदी वेगळ्या काढाव्यात: ज्यांत एक ठिकाण, एक नाव, एक वर्ष आहे त्या यंत्राच्या हवाली कराव्यात, तिथे चुकण्यासारखे फार नाही, मात्र पन्नासेक नोंदी पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. ज्यांत नावे दोन, वर्षे दोन, किंवा ठिकाणच नाही, त्यांना यंत्र लावू नये. ‘प्रकाशनस्थळ अज्ञात’ असे मराठीत कंसात लिहायला आता नियमांची आडकाठी नाही. पूर्वीची लॅटिन आद्याक्षरे आपल्या वाचकाला कधी कळलीच नव्हती.

या दुसऱ्या गठ्ठ्यासाठी पुस्तक कपाटातून काढावेच लागेल, आणि त्यातली निम्मी पुस्तके जीर्ण असतील. इथे एकच विनंती. निर्लेखनाची यादी कार्यकारी मंडळापुढे जाण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकाच्या नामपृष्ठाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवर घ्यावेत आणि फाइलला दाखल क्रमांकाचेच नाव द्यावे. नोंद पुढच्या वर्षी दुरुस्त केली तरी चालेल. रद्दीत गेलेले पान मात्र परत मागवता येत नाही.